दंडातला उंदीर

बोर्ली पंचतन

प्रिय रुचिका,

फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझा चढतो. म्हणून पत्र.

पुण्यातल्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ इथे घरोघरी पाहिला. इंग्रजी शब्दांच्या पोटात लपलेले प्राणी. व्हॅक्सिनमध्ये लॅटिन गाय, चित्र टेकवायच्या इझलमध्ये डच गाढव. आपण जिला घोडी म्हणतो तिला त्यांनी गाढव केलं, हेही तू सांगितलंस. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी जळत होते, खोटं कशाला बोलू? ते शब्द माझ्या बाबांचे. अलिबागच्या रद्दीवाल्याकडून आणलेला, पुठ्ठा गेलेला शब्दकोश ते तिकिटांच्या पेटीखाली ठेवायचे. तू नुसतं ‘एक एसटी कंडक्टर काका’ म्हणालीस. नाव घेतलं असतंस तर जीभ झिजली असती का?

अकरावी-बारावीची दोन वर्षं आपण त्यांच्याच गाडीने श्रीवर्धनला कॉलेजला गेलो. तू रोज त्यांच्या शेजारच्या सीटवर, मी मागे दांडा धरून उभी. कंडक्टरच्या पोरीने बसायचं नाही, हा बाबांचा कायदा. घरचं माणूस बसलं आणि प्रवासी उभा राहिला तर लोक नावं ठेवतील, म्हणे. गाडी रिकामी असली तरी मला बसायची हिंमत व्हायची नाही. शेखाडीच्या वळणांवर मला मळमळायचं आणि पुढून तुम्हा दोघांचं हसणं ऐकू यायचं. एकदा त्यांनी बाही वर करून दंड फुगवला. मसल म्हणजे छोटा उंदीर, बघ कसा पळतोय कातडीखाली, म्हणाले, आणि तू बोट लावून पाहिलंस. बाप माझा आणि उंदीर तुझा. उतरताना तू पायरीवरून घसरावीस असं मला मनापासून वाटलं होतं. घरी बाबांशी भांडले, तर म्हणाले, तू काय, घरचीच आहेस, तुला कधीही सांगेन. ते कधीही राहूनच गेलं.

मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, हात हलेल, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं. दोन महिने मी तोच शब्दकोश त्यांना वाचून दाखवते आहे. गाय झाली, गाढव झालं, उंदीरही झाला. ते भिंतीकडे तोंड फिरवतात.

परवा आईने त्यांच्याजवळ तुझा व्हिडिओ लावला. तू उंदरापाशी आलीस आणि त्यांच्या उजव्या दंडात काहीतरी सरकलं. आई म्हणाली, “हाललं गो, हात हाललाय त्यांचा. बोलाव तिला.” मी दिवसभर आईशी बोलले नाही. संध्याकाळी गुपचूप मीच तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा हललं.

तेव्हा रुचिका, चार दिवस रजा काढ आणि ये. तुझा अजूनही राग येतो, पण ये. त्यांच्या उशाशी एकच खुर्ची मावते, ती तुझी. मला उभं राहायची सवय आहे.

तुझीच,
मृणाली