आईच्या हाताचा साचा

मी, खाली सही करणारी, अप्पांची धाकटी मुलगी, वय सव्वीस, व्यवसाय मातीकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहायची पद्धत आहे, पण ते खरे नाही. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, तिचे दडपण आहे. माणसांचे नाही. दादाचे थोडे आहे. ते कलम दोनमध्ये येईल.

१. भट्टी, चाक, अवजारे आणि बँकेतली शिल्लक अप्पांची. निळी खुर्ची मावशीची. तशीही ती मला तिच्यावर बसू देत नाही.

२. आईच्या उजव्या हाताचा प्लास्टरचा साचा. शेवटच्या आजारपणात तिच्या संमतीने आम्ही तो काढला. शाळेत घालण्याआधी याच हाताने माझा हात धरून तिने मला अक्षरे गिरवायला शिकवले. साच्यात माती दाबून आम्ही भिंतीवर लावायच्या, हाताच्या आकाराच्या खुंट्या करतो. मावशी त्या विकते. आई जिथे गेली त्या शुश्रूषागृहात गरीब रुग्णांच्या खाटा त्या पैशांवर चालतात.

दरवेळी साचा थोडा झिजतो. यंदा तळव्यावरच्या रेघा दिसेनात, तेव्हा अप्पांनी कोणाला न सांगता सुईने त्या साच्यात पुन्हा कोरल्या. साच्यातली खोल रेघ मातीवर उंच उमटते, हे मला शिकवणारे अप्पाच विसरले. आईच्या तळव्यावर वळ उठलेले दादाने थेट विक्रीच्या टेबलावर पाहिले.

“लोकांच्या ओल्या छत्र्या लटकवायला आईचा हात? आणि तोही असा? फोडूनच टाकतो साचा.”

“ती होती तेव्हा अख्ख्या गल्लीच्या पिशव्या उचलायची,” मावशी म्हणाली. “तेव्हा कुठे होतास रे?”

तेव्हापासून अप्पा भट्टीकडे फिरकत नाहीत, आणि दादा रोज येऊन साचा मागतो.

म्हणून साचा मी दादालाच देते. फोडायचा हक्कही देते. अट एकच: आधी त्याने त्यातून एक हात स्वतः काढावा, अप्पांना शेजारी बसवून. तो भट्टीतून निघेपर्यंत हातोडी उचलू नये.

३. खाटा बंद पडता कामा नयेत. म्हणून आज माझ्या उजव्या हाताचा साचा काढला आहे. तो मावशीचा. अजून ओला आहे. पुरता वाळेपर्यंत हलवू नये. माझा अंगठा जरा वाकडा आहे, पण त्यावर छत्री नीट राहते. अडकवून पाहिली.

पुढे याही रेघा पुसट होतील. तेव्हा अप्पांनी सुई घेऊ नये. घेतलीच तर घेऊ द्यावी, आणि कोणी त्यांना बोलू नये. दादाने तर मुळीच नाही.

४. मी वाचले तर हा कागद रद्द समजावा, कलम दोनमधली अट सोडून.

सही: अप्पांची धाकटी
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका, औषधांच्या दुकानातल्या बाई. दोघांनाही यातून काही मिळत नाही. शिंपीकाकांनी खुंटी विकतच घ्यावी.
ठिकाण: भट्टीची खोली. दिनांक: १२ मार्च.

उजव्या कडेचे पांढरे ठसे माझ्या बोटांना लागलेल्या प्लास्टरचे आहेत. खाडाखोड समजू नये.