मोगली एरंडाचा आडोसा

शके १७८६, वैशाख वद्य पंचमी

बाभूळबन गेलं. सकाळी होतं, जेवायच्या वेळेला नव्हतं. भगवंतानं, माझ्या पोरानं, गडी लावून सगळं आडवं केलं. म्हणतो, "माय, विलायतेत कापूस नाही. कोण्या मुलखात लढाई लागली म्हणते. आता लोक उकिरड्याच्या जागीबी कापसाची पराटी लावून राह्यले." कोणाची लढाई अन् कोणाची बाभूळ.

त्याला काय माहीत. गावच्या बायका, माझ्या आजेसासूपासून, त्याच बनाआड बाहेर जात आल्या. मी विचारलं, "झाड्याले जाचं कुठी मंग, झाडच नाही ठेवलं त?" तो मान खाली घालून बैलांकडे निघून गेला. बापावर गेला आहे. लाजायचं अन् पळायचं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, आमचा बुढा, भगवंताचा बाप, लिहितो. मी "मले" म्हटलं की हा "मला" लिहितो. कागदावर तसंच लिहितात म्हणे. लिहा बापा. पण "झाडा" लिहिताना हात थांबला त्याचा. म्हटलं, तुमी काय सरगातून आले का? लिहा.

ज्येष्ठ शुद्ध तृतीया

तांबडं फुटायच्या आत जातो आम्ही, घोळक्यानं, नाल्याकडे. तिथंही आडोसा नाही. बडनेऱ्याकडे आगगाडीच्या सडकेवर माती टाकतात, त्यांचे गडी त्याच वाटेनं कामावर जातात. माणूस दिसला की उठून उभं राहायचं. पुन्हा बसायचं. पुन्हा उभं. कवायत करते आमची पलटण.

आज पिंजाऱ्याच्या हलीमाबीवर गाडीवानाचा कंदील पडला. ही माझी शेजारीण, माझ्याच वयाची. ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "तानु, सारी उमर परदा किया गे मैंने. आज एक कंदीलवाले ने सब देख लिया." मी म्हटलं, "त्यानंच डोये झाकले असतीन, भेला असंन बिचारा." हसली. हसता हसता रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठ वद्य दशमी

नाल्याच्या काठची गोटाळ पट्टी आमचीच. तिथं पराटी येत नाही, म्हणून भगवंतानं सोडली. ती मी मागितली. "कायले?" म्हणे. मी म्हटलं, "शेळ्या येतात, कुंपण लावते." खोटं नाही. शेळ्याच त्या, दोन पायांच्या.

हलीमाबीच्या परसात मोगली एरंड माजला आहे. जनावर त्याला तोंड लावत नाही, अन् फांदी खोचली की झाड. गेल्या सालच्या भुऱ्या सालीच्या फांद्या तोडल्या, माझ्या डोक्याएवढ्या. लगेच लावल्या नाहीत. सावलीत पडू दिल्या, तोडल्या जागचा चीक सुकेपर्यंत. ओल्या चिकानं लावली की बूड सडते. बुडाकडची बाजू ओळखायला राखेची बोटं ओढली, कारण माझी नातसून वच्छला सगळ्याच फांद्या उलट्या धरते. नत्थूची बायको ती. नत्थू कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला. ही इथं पोटुशी.

बायकांनीच लावल्या. फांदीला फांदी चिकटून, हातभर खोल. दार सरळ ठेवलं नाही. शंखाला असते तसं आत वळण घेतलं. बाहेरून डोकावलं तर एरंडच दिसेल.

आषाढ शुद्ध सप्तमी

एकही पान नाही. नुसत्या काठ्या. भगवंता म्हणे, "माय, तुह्या शेळ्या हसून राह्यल्या."

आषाढ वद्य द्वितीया

फुटल्या! सगळ्या. बोटाएवढी पानं.

आषाढ वद्य एकादशी



वच्छला चूल सारवताना पडली. उचलली तर अंगात वजनच नाही. ओठ फुटलेले. मी पाण्याचा गडवा लावला, तर दात आवळून बसली. शेवटी हलीमाबीनं डोळे वटारले तेव्हा सांगितलं. दिवसा जायला लागू नये म्हणून ही जेवत नाही. पाणीही सकाळचं एक घोट. पोटात लेकरू असताना! कोणाला सांगावं तर लाज वाटते म्हणे. सासऱ्यासमोरून तांब्या घेऊन कसं जायचं? भगवंता ओट्यावर, दाराशी सडकेचे गडी.

मी तिच्या ताटात रोज भाकर वाढली. ती कुठं गेली? "बैलाले टाकली, बुढीमाय."

म्हणजे आमचा बैल दोघांचं खाऊन गाभण दिसतो अन् ही वाळली. असं म्हटलं मी. तिला हसवायला. मला स्वतःला हसू आलं नाही. एका घरात, एका चुलीशी, मी ओळखलं नाही.

बुढा लिहिता लिहिता थांबला आहे. त्याचंही नाक वाहते.

श्रावण शुद्ध द्वादशी

एरंड माझ्या डोक्यावर गेला. पान पानाला चिकटलं. आत बसलं की सडकेवरच्या माणसाचा खोकला ऐकू येतो, माणूस दिसत नाही. माती ओढायला खुरपी ठेवली आहे, नाल्याकडून निचरा आहे. दुपारीही जातात बायका आता. पोरीबाळी, पिंजारणी, कुणबिणी, सगळ्या. बाहेर पडताना हसत येतात. मोठी सभा भरते म्हणा ना.

वच्छला दोन भाकरी खाते. आज तिसरी मागितली. बैल रुसला.

श्रावण वद्य द्वादशी

भगवंता म्हणतो, पोळा झाला की एरंड तोडतो. औंदा कापूस फार, गाड्या वळवायला नाल्याकाठची जागा पाहिजे. मी म्हटलं, गाड्या गावाबाहेर वळव. "माय, तुले काय समजते." मी म्हटलं, "बायका कुठी जातीन?" तर पुन्हा तेच. मान खाली, बैलाकडे.

बुढ्याला म्हटलं, पोराशी बोला. हा म्हणे, "मी काय बोलू? बायायची गोष्ट." घरात दोन मर्द, अन् दोघांच्याही तोंडाला हीच कुलपं.

वच्छलानं ऐकलं. रात्री अर्धी भाकर परत ठेवली.

पोळा

गावातले झाडून सगळे मर्द बैल घेऊन तोरणाखाली. गावात नुसत्या बायका. मी शिंगांना लावून उरलेला हिंगूळ घेतला, तेलात कालवला, अन् वळणाच्या तोंडाशी जो गोटा आहे त्याला फासला. दोन डोळे काढले. एक मोठा, एक बारका झाला. झेंडूची माळ. वर खण.

हलीमाबी दुरून पाहून म्हणे, "ये क्या किया गे?"

"पोराच्या कुऱ्हाडीले लगाम घातला."

बुढ्याला आताच सांगून राहिली आहे. त्याच्या हातातून बोरू पडला. म्हणे, असं देवाशी खेळू नये. म्हटलं, देवी बाईच होय. तिले समजते.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा

भगवंता कुऱ्हाड घेऊन गेला अन् अनवाणी परत आला. जोडे तिथंच राहिले. "माय, देवी निघाली. आपल्या जागेत!" घाम फुटला होता त्याला. मी म्हटलं, "अगंबाई." तोंड पदरात धरून हसले. एरंड वाचला.

भाद्रपद शुद्ध दशमी

हे काय होऊन बसलं?

सडकेवरच्या एका मुकादमाचा ताप उतरला. त्यानं म्हणे गोट्याला हात जोडले होते. तो कोंबडं घेऊन आला. मग त्याचे सगळे गडी. मग गाडीवान. मग शेजारच्या दोन गावांचे लोक. म्हणतात, एक डोळा मोठा एक बारका, म्हणजे देवी एकाच वेळी रागावते अन् माया करते.

दोघं दर्शनाला पार आत शिरले. नाकाला धोतर लावून बाहेर आले. "देवी कडक आहे," म्हणाले. भगवंतानं मग गडी लावून आत माती टाकली, सारवलं, गोटा उचलून मधोमध नेला. ओटा बांधतात आता.

आमच्या बायका वाटेवर तांब्या घेऊन उभ्या. कोणी विचारलं की म्हणायचं, देवीला पाणी आणलं.

भाद्रपद वद्य षष्ठी

मर्दांची बैठक बसली, माझ्याच एरंडाच्या सावलीत. भगवंता घरी आला तो छाती काढून. "माय, तू वडीलधारी आहे, तूच सांग सगळ्यायले. आता तिकडं बाया नको. देवीले विटाळ होते."

ती फांदी न् फांदी बायकांनी खोचली. माझ्याच तोंडानं त्यांना बाहेर काढू?

सांगू तर काय सांगू? गोटा मी रंगवला म्हटलं की उद्या सकाळी कुऱ्हाड. गप्प बसलं की देवी. दोन्हीकडून आडोसा गेलाच. हलीमाबी एवढंच म्हणाली, "अब तेरी देवी से पूछ, कां जाना हमने." टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

वच्छलाच्या पायांवर सूज आहे. आठवा लागला. पाणी पुन्हा बंद. मी गडवा घेऊन मागं मागं फिरते. ती म्हणते, "पेली, बुढीमाय." बैलाच्या गव्हाणीत आज पुन्हा भाकर दिसली.

आश्विन शुद्ध तृतीया

ठरवलं. अष्टमीला तिथं मोठी आरती. बायका वाटेपलीकडे उभ्या राहणार. तिथून मी जाणार आत, केस सोडून, अंगात आणून. देवीच्या तोंडानं सांगते म्हणजे पोरगं ऐकेल. मायच्या तोंडानं तर ऐकलं नाही.

बुढ्यासमोर घुमून दाखवलं. हा म्हणे, "हे अंगात आलं नाही वाटत. वातानं धरलं वाटते."

म्हटलं, तुमी हसा. लग्नापासून अंगातलं सगळं दाबूनच ठेवलं आहे, बाहेर यायला वेळ लागते.

वच्छला दारामागं उभी होती. तिनं ऐकलं का, माहीत नाही. तिच्या हातात भरलेला गडवा होता, तसाच भरलेला.

आश्विन शुद्ध नवमी

काल सांगायला जमलं नाही. आज सांगते, बुढ्या, सावकाश लिहा.

डफ वाजत होता. धूप एवढा की एरंड दिसेना. मी पदर खोचला, केसांची गाठ सोडली, पहिलं पाऊल टाकलं. तोच माझ्या बाजूनं कोणी तरी पुढं गेलं. मला वाटलं कोणाचं लेकरू निसटलं.

वच्छला होती. डोक्यावर पदर नाही. केस मोकळे. एवढं पोट घेऊन ती सरळ चालत मर्दांमधून आत गेली, अन् मर्द फाकले. सासऱ्याशी दाराआडूनही कधी न बोललेली पोरगी. तिनं ओट्यावर हात ठेवला अन् म्हणाली,

"भगवंत्या."

डफ थांबला. सून सासऱ्याला नावानं, तेही असं! आवाज तिचा नव्हता. जाड होता.

"कोणाले पुसून आला माह्या घरात? हे बायायचं घर होय. म्या बायायसाठी आली इथं. माह्या लेकी पाणी नाही पिऊन राह्यल्या, तुले दिसत नाही? पोटातलं लेकरू तहानेलं हाय, तुले दिसत नाही? मर्दानं या वळणाच्या आत पाय टाकाचा नाही. बाहेरून हात जोडाचे अन् पाठ फिरवाची. लेक आली की वाट सोडाची."

भगवंता पालथा पडला. मुकादम पडला. सगळे पडले. मला वाटलं मी उभी आहे, पाहते तर माझेही गुडघे मातीत.

मग तिनं पाणी मागितलं. आख्खी घागर तोंडाला लावली. मी कोणाला इतकं पाणी पिताना पाहिलेलं नाही.

आश्विन शुद्ध दशमी

सोनं लुटलं. वच्छलाच्या डोक्याला तेल लावायला बसवली. विचारलं, "पोरी, खरं सांग. त्या रोजी दारामागून तू माहं ऐकलं होतं ना?"

"काय?"

"भगवंत्या म्हटलं तू."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. "मामंजीले? म्या?" मी तिची हनुवटी धरून कोपऱ्यात दडलेलं हसू शोधलं. माझ्यापासून माणसाचं हसू लपत नाही. हिच्या तोंडावर नव्हतं. पण मी हिची भूकही ओळखली नव्हती.

बुढा म्हणतो, काय लिहू? खरं लिहू की खोटं? म्हटलं, जागा सोडा तिथं.

कोजागरी

आज भर दुपारी वच्छला तांब्या घेऊन निघाली. डोक्यावर पदर, चाल हळू, रोजच्यासारखी. भगवंता ओट्यावर पंचांसंगं बसला होता. तिला पाहून उठला, पाठ फिरवली, हात जोडले. सगळे पंच उठले. मीही उठले. का उठले, मला सांगता येत नाही. बुढा विचारतो आहे.