एका जोडीतले दोन बूट

मी, बुटांच्या छोट्या कारखान्याची मालकीण, डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणाच्याही दबावाविना माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. वकीलबाई म्हणाल्या, भावना आवरून लिहा. प्रयत्न करते.

१. राहतं घर माझ्या मुलाला, गळक्या नळासकट. तो दुरुस्त करायचं काम त्यानेच आजवर टोलवलंय.

२. दिरांना काही नाही. "वहिनी, गुंड पोसताय," असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्यांच्या पायात आमचेच बूट आहेत, तेवढं पुरे.

३. कारखाना मुलाला आणि घुम्याला, निम्मा-निम्मा. एकट्याने कोणी विकू नये. बुटांच्या विक्रीतून पगार निघावेत. उरेल त्यातून मारामाऱ्या सोडून आलेल्या नव्या पोरांना शिकवावं. इथली रीत मोडू नये: जोडीतला एक बूट एका गल्लीच्या पोराने शिवायचा, दुसरा त्या गल्लीशी वैर असलेल्या गल्लीच्या पोराने. जोडी जुळली नाही, तर दोघांनी उसवायची. सुरुवातीला ती एकमेकांचं तोंडही बघत नाहीत, पण टाके जुळवायला बोलावंच लागतं. इथे टिकलेल्या पोराने पुन्हा कोणावर सुरी उचलल्याचं मला ठाऊक नाही.

४. घुम्या कोण, तेही लिहिते. गल्ल्यांच्या भांडणात त्याच्याच सुरीने माझ्या मुलाचा डावा पाय कायमचा आखूड झाला. तुरुंगातून सुटून तो माझ्या दारात आला. "काकू, काम द्या. नाही म्हणालात तरी उद्या येईन." मी दार लावलं, पोटभर रडले, मग उघडलं. पहिली जोडी आम्ही दोघांनी शिवली, एक बूट त्याने, एक मी. रीत तिथूनच पडली. आज सगळा कारभार तोच बघतो आणि माझा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव आहे. मुलाने मात्र त्या दिवसापासून कारखान्याची पायरी चढलेली नाही. त्याला मी दोष देत नाही.

५. मुलासाठी उजवा बूट मी शिवून ठेवलाय. डावा, जाड तळाचा, घुम्याने शिवावा. माप कोणाच्या हाती मागवू नये. समोर बसून, पाय हातात धरून घ्यावं. ही जोडी पुरी होईतोवर कारखान्याच्या किल्ल्या वकीलबाईंकडे राहतील आणि पोरांचे पगार माझ्या शिलकीतून जातील. शिल्लक फार दिवस पुरणार नाही.

बाळा, त्याच्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त पाय पुढे कर.

सही: तुझी आई, कारखान्याची मालकीण
साक्षीदार: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही), कोपऱ्यावरचा चावीवाला (सही)
स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी