ब्रॉडकास्ट म्हणजे फोकून पेरणी

१ जानेवारी
संकल्प: सोसायटीला रोज एक इंग्रजी शब्द, अर्थ आणि मुळासकट. इतकी वर्षं मुलुंडमध्ये राहतोय, पण लोकांनी मला फक्त पार्किंगच्या भांडणात ऐकलंय. यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतरचं भाषण माझंच. सेक्रेटरी सुबोधला अजून कल्पना नाही.

२ जानेवारी, सकाळी
ग्रुपवर टाकणार नाही. तिथे गुड मॉर्निंगची फुलं असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. अख्खी सोसायटी, शिवाय चुकून भांडुपचा पेस्ट कंट्रोलवाला. असू दे, त्याचंही भलं होईल.
पहिला शब्द अर्थातच 'ब्रॉडकास्ट'. रेडिओच्या कितीतरी आधीचा. मूळ अर्थ, मुठीनं बी शेतभर फेकणं. आपली फोकून पेरणी. लिहिताना अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं. शुभा म्हणाली, गॅस बंद कर.

३ जानेवारी
एकही उत्तर नाही. लोक विचारात पडलेत.

९ जानेवारी
सगळ्या मेसेजना एकच टिक. नेटवर्कची बोंब, दुसरं काय. एक उत्तर मात्र आलं: 'सर, किती बीएचके?' पेस्ट कंट्रोलवाला. काही जमिनीत उगवत नाही.

१५ जानेवारी
लिफ्टमध्ये सुबोधला विचारलं, शब्द कसे वाटतात? तो म्हणाला, कसले शब्द काका? सरप्राइज ठेवतोय. हुशार आहे. झब्बा इस्त्रीला टाकला.

२४ जानेवारी
नोटीस बोर्डवर वाचलं. भाषण: देवेश, सुबोधचा मेहुणा. रील्स बनवतो. फॉलोअर भरपूर म्हणे. सुबोधला जाब विचारला. म्हणाला, काका, तुम्हाला बोलायचं असतं हे कुणाला माहीत होतं?

२५ जानेवारी
लेकीनं, गंधालीनं, फोन बघितला. म्हणाली, बाबा, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. पोचले दोघांना. एक शुभा, तिनं म्यूट केलंय. दुसरा पेस्ट कंट्रोलवाला. त्यानं सगळे वाचलेत.
वाईट वाटलं. रोज ज्यांच्यासाठी लिफ्ट धरून ठेवतो, त्यांच्या फोनमध्ये मी नाही.
पण एक वाचक आहे. खरा वाचक. त्याला उद्या घरी बोलावलं. टू बीएचके.

२६ जानेवारी
इस्त्रीचा झब्बा घातला. खालून देवेशचं भाषण ऐकू येत होतं, खिडकी लावून घेतली. पेस्ट कंट्रोलवाला ओट्याखाली फवारत होता. विचारलं, माझे मेसेज रोज वाचायचात ना? म्हणाला, हो सर, शेवटपर्यंत वाचायचो. वाटायचं, खाली कुठेतरी पत्ता असेल.