मॅक टोर्नांची वंशावळ

३ मार्च १७९१
पोचलो एकदाचा लॉर्ड हॅलोवेलांच्या वाड्यावर. खोली उबदार, टेबल खिडकीशी आणि जेवणात बटाट्यांबरोबर चक्क खारवलेलं डुकराचं मांस. शाळामास्तरकीत हे सुख जन्मात दिसलं नसतं. काम सोपं आहे. साहेबांना जुनं कूळ हवंय. पणजोबा आयर्लंड जिंकायला आलेल्या क्रॉमवेलच्या इंग्रज फौजेत साधा शिपाई होता, ते त्यांना आता सलतं. मी त्यांना इथल्या जुन्या मॅक टोर्ना राजघराण्याची फांदी करून देणार. ते कूळ कधीच संपलंय, तक्रार करायला कुणी यायचं नाही.

१९ मार्च
चामड्यावर वंशावळ उतरली. वर राजा टोर्ना, खाली बावीस पिढ्या. तळाशी साहेब, त्यांचे चुलते, भाऊ आणि शेवटी साहेबांची सहा वर्षांची इसबेल. ही पोरगी दिवसभर माझ्या टेबलाखाली बसून मांजराशी भांडते. स्वैपाकीण होनोरा पान बघून पांढरी पडली.
"लॉर्कन मास्तर, त्या घराण्याची रडणारी बाई आहे. ती ज्याचं नाव घेऊन रडते, तो मरतो. शंभर वर्षं तिला रडायला कुणी नव्हतं. तुम्ही तिला माणसं दिलीत."
मी हसण्यावारी नेलं.

२४ मार्च
भर दुपारी ओढ्याकडून बाईचं रडणं. राजा टोर्नापासून एकेक नाव घेत खाली आली, माझ्याच क्रमानं. मी मनची घातलेली तीन नावंसुद्धा तिनं घेतली. शेवटी चुलत्यांचं. संध्याकाळी ते खुर्चीतच गेले.
साहेब दुःखी कमी आणि खूश जास्त. ती फक्त अस्सल घराण्यांसाठी रडते, असं पाहुण्यांना सांगत फिरत होते. मला त्यांची किळस आली. स्वतःचीही.

२९ मार्च
पुन्हा रडली. भाऊ. घोड्यावरून पडून—
साहेबांना म्हटलं, पान जाळा. ऐकत नाहीत. काचेत मढवणार आहेत.

२ एप्रिल, सकाळ
इसबेलला ताप. बाई रडतेय. सातव्या पिढीवर आहे. मी भ्यालोय.
सुरीनं इसबेलचं नाव खरवडून काढलं. होनोरा म्हणाली, उपयोग नाही मास्तर, त्या जागी तिला कुणीतरी लागणारच.

दुपार
खरं निघालं. रिकाम्या जागेशी थांबली, परत पहिल्यापासून सुरू. पोरीला श्वास पुरत नाही—
तिथं नाव लिहिलं. दुसऱ्या कुणाचं लिहिणार.

ताप उतरला. इसबेलनं पाणी मागितलं, मग मांजर. होनोरा माझ्याकडे बघत नाही.

बाई खिडकीखाली आलीय. अठरावी पिढी. एकोणीस—
एकवीस. साहेबांचं नाव घेऊन पुढं—
लॉर्कन, म्हणतेय. लॉर्क