बर्फातला कोंबडा

माधवनगर, मंगळवार, १४ मे १९४६

दिवस मावळला, कुणाचं पोट दुखलं नाही. जीव आत्ता कुठे भांड्यात पडला.

धाकटे भावजी पलटणीतून रजेवर येणार म्हणून रविवारी सांजेला कोंबडा कापला, आणि गाडी चुकून ते आले सोमवारी. सोमवारी आमच्यात वशाट चालत नाही. मग यांनी रविवारी रात्रीच सांगलीहून बर्फ आणून कोंबडा पातेल्यात दाबला, वर भुशाचं पोतं. आज सकाळी पाहते तर बर्फाचं पाणी! वास येतोय का? मला तर येत होता. की तो ओल्या भुशाचाच?

आत्याबाईंनी पाण्यात हात घातला. "आगं, बोटं बधिर झाली बग. चिकाट न्हाई, पंखाखाली वास न्हाई. शिजव."

सासूपुढे काय बोलणार? शिजवला. पण हात तीनदा हुंगला. भुसाच असावा.

भावजी पाटावर बसले, तशा आत्याबाई म्हणाल्या, "थांब रं, रस्सा आजून उकळू दे." चुलीपाशी येऊन त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि घटकाभर तिथंच बसून राहिल्या. पुरुषांच्या आधी त्यांनी घास घेतलेला मी आजवर पाहिला नव्हता.

मग म्हणाल्या, "वाढ आता माज्या लेकाला."