एकही वॉर्निंग नाही

सोमवार, ३ तारीख
नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खुर्ची चक्क करकरत नाही! दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली. काच उघडत नाही, पण खाली मुख्य दार, रस्ता आणि पलीकडे माझ्या लेकीची, टिल्लीची शाळा असं सगळं दिसतं. बाईसाहेब सहा वर्षांच्या, अजून एकेक अक्षर जुळवत वाचतात, पण हुकूम सोडण्यात तरबेज. पाचला फाटकाशी मी असणार म्हणजे असणारच, हे तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंय. गेल्या नोकरीत रोज उशीर व्हायचा, बिचाऱ्या ताईला धावावं लागायचं. आता ते बंद.

काम या इमारतीच्याच दारांचं. कॅमेरा चेहरा ओळखतो आणि प्रोग्राम दार उघडतो. बारा वर्षं तो ज्यांनी सांभाळला त्यांना सगळे आजोबा म्हणतात. बुधवारी ते निवृत्त होतील.

मंगळवार, ४
अरे देवा, काय हा प्रोग्राम! माणसांना नावं काय, तर 'झझ', 'टट७', 'क्षक्ष'. कोण कुठला, काही पत्ता नाही. उकिरडा परवडला. वर वॉर्निंग बंद करून ठेवलेल्या. चूक असेल तर प्रोग्राम तपासून घेणारा कंपायलर काम अडवतो, नुसती शंका असेल तर वॉर्निंग देऊन सोडून देतो. ती शंका ऐकायचीच नाही, हा कुठला कारभार? मी चालू केल्या. दोनशे चौदा निघाल्या!

आजोबांना विचारलं. म्हणाले, पोरी, मुद्दाम केलंय, तसंच राहू दे. ते वाचता येत नाही म्हणूनच सगळे वेळेवर घरी जातात. मी मान डोलावली. म्हातारचळ, दुसरं काय.

बुधवार, ५
निरोप समारंभ झाला. जाताना आजोबांनी हात धरून पुन्हा तेच सांगितलं. ते गेले आणि मी पदर खोचला.

आधी माझंच. मला त्यांनी 'ढढ' करून ठेवलं होतं, म्हणजे काय, मी ढ? ते खोडून माझं पूर्ण नाव घातलं, शेजारी टीप लिहिली: दुसरा मजला, खिडकीजवळ, पाचला निघते, समोरच्या शाळेतून मुलीला आणते. मग शेजारच्या टेस्टरचं. ही हसताना टेबल बडवते, तेवढं मात्र लिहिलं नाही. बाकीची नावं पुढच्या आठवड्यात.

पाचला फाटकाशी होते. टिल्लीने उड्या मारल्या.

गुरुवार, ६
वॉर्निंग चुटकीसरशी संपल्या. दोनच राहिल्या, टेस्टरच्या आणि माझ्या नावाखाली. बाहेर सोडायची जी ओळ आहे, तिथपर्यंत प्रोग्राम कधीच पोहोचणार नाही, म्हणे. असेल जुनी अडगळ. जिथे पोहोचताच येत नाही अशी ओळ आमच्या धंद्यात सरळ काढून टाकतात. दोन्ही काढल्या.

एकही वॉर्निंग नाही! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. नवा प्रोग्राम सहानंतर चालू करू म्हणाले. मी पाचला निघाले होते.

शुक्रवार, ७ — सकाळ
दार मला बघताच उघडलं, जवळ जायच्या आधीच. आत टेस्टर, कालच्याच कपड्यांत. काल सहानंतर तिला दारच उघडेना म्हणते. थट्टा करत होती, पण टेबल बडवलं नाही.

दुपारी १
ओळी परत घातल्या. दार ढिम्म. टेस्टर किंवा मी जवळ असलो की कुणालाच उघडत नाही. शेवटी आम्हाला मागे उभं करून एकेक जण गेला, साहेबसुद्धा. दुरुस्तीचा माणूस सोमवारी येईल म्हणाले. सोमवारी!

काचेवर खुर्ची हाणली. ओरखडासुद्धा नाही.

३
ताईला फोन केला, टिल्लीला घे म्हटलं. मग आजोबांना. वाटलं रागावतील, तर रडायला लागले. इमारत ज्याला वाचू शकते त्याला सोडत नाही म्हणाले. त्यांच्या आधी हा प्रोग्राम सांभाळणाराही फार सुरेख, स्वच्छ लिहायचा. तो कुठे असतो विचारलं, तर फोन ठेवला.

३.४०
नाव पुसून पुन्हा 'ढढ' केलं. साठवलं. उघडलं —
माझं पूर्ण नाव.

४.१०
टेस्टर मागच्या खोलीत गेली, ते दारही बंद झालं. हाका मारत होती. आता मारत नाही. मला भीती वाटतेय, फार —

४.३५
माझ्या टिपेखाली नवी ओळ. मी लिहिलेली नाही. माझ्याच पद्धतीने, नीटनेटकी:
मुलगी, सहा वर्षं. आईला शोधत येईल.
तिच्याखाली बाहेर सोडायची ओळच नाही.

४.५०
ताईचा फोन लागत नाही. पुन्हा. पुन्हा —

५.०२
फाटकातून दोघी. रस्ता ओलांडून इकडेच. ताई फोन कानाला लावून मागे, टिल्ली पुढे. मी काचेवर मुठी आपटतेय. तिला वाटतंय हात हलवतेय मी. तीही हलवतेय.

५.०४
पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, काचेला लावलं. टिल्ली आत येऊ नकोस. ती थांबली. ओठ हलताहेत. टि — ल्ली. आ — त. ये — खाली दार उघडलं, ती अजून लांब आहे तरी उघडलं. पुढचं वाच, बाळा, पुढचं — ती हसली, धावत सुट